दीनाबाईंची पायपेटी

दीनाबाई उजागरे पहिल्यांदा माझ्या दुकानात आल्या तेव्हा मी एका लग्नपत्रिकेतला गणपती सरळ करत बसलो होतो. गणपती डावीकडे कलत होता आणि गिऱ्हाईक उजवीकडून माझ्या मानगुटीवर बसलं होतं. अशा वेळी कुणी दारात उभं राहून "सलाम" म्हटलं, तर माझा चेहरा कसा होतो ते मी आरशात पाहिलेलं नाही, पण माझ्या बायकोने त्याचं वर्णन बऱ्याच जणांना केलेलं आहे.

साल १९९८, जून महिना. नगरला दिल्ली दरवाज्याच्या आत माझं दुकान होतं, 'भिंगारदिवे कॉम्प्युटर्स'. नाव अनेकवचनी, कॉम्प्युटर एक. पत्रिका, लेटरहेड, वाढदिवसाचे फलक, जे येईल ते मी करायचो.

"जय भीम," मी म्हणालो. "काय छापायचंय?"

"छापायचं काही नाही," बाई म्हणाल्या. "वाजवायचंय."

गणपतीवाल्या गिऱ्हाइकाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. छप्पन-सत्तावन्नचं वय, निळ्या काठाची सुती साडी, शाळामास्तरणीचा चष्मा. दोन्ही हात पदराखाली. त्यांनी पिशवीतून एक वही काढली तेव्हा ते हात दिसले. बोटं बाभळीच्या शेंगेसारखी गाठीगाठीची झाली होती आणि डाव्या हाताची तीन बोटं एकाच बाजूला वळली होती. वहीबरोबर वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं. कॉम्प्युटरवर सुरावट लिहिली की तो ती वाजवून दाखवतो, असं त्यात छापलं होतं.

"होतं का हे?"

"होतं की," मी म्हणालो. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण गिऱ्हाइकासमोर 'येत नाही' म्हणणं माझ्या स्वभावात बसत नाही, आणि एका मासिकाबरोबर फुकट आलेली तसल्याच कुठल्या प्रोग्रॅमची सीडी माझ्या खणात पडून होती. त्या एका 'होतं की'ने माझे पुढचे पाच महिने खाल्ले.

केडगावच्या पुढे पुणे रस्त्याला लागून एक लहानशी ख्रिस्ती मंडळी आहे, आपण चर्च म्हणतो ते. पत्र्याचं छप्पर, बारा बाकं, आणि भिंतीला टेकवलेली एक जुनी पायपेटी. पायाने भाता मारायचा आणि हाताने पट्ट्या दाबायच्या, तसला हा बाजा कुणा मिशनरी मडमेने जाताना ठेवून दिलेला. दीनाबाईंचे वडील आमोस मास्तर तो वाजवायचे. ते असतानाच पेटी दीनाबाईंकडे आली. दर रविवारी, एकतीस वर्षं. लग्न केलं नाही, शाळा आणि पायपेटी एवढाच संसार.

आमोस मास्तरांनी उपकारस्तुतीच्या सणासाठी एक गीत रचलं होतं. उपकारस्तुती म्हणजे पीक घरात आल्यावर देवाचे आभार मानायचा दिवस, त्यांच्याकडे तो नोव्हेंबरात असतो. मास्तरांनी नुसती चाल बांधली नव्हती, चार आवाजांत बांधली होती: बायकांचे दोन, वरचा आणि खालचा, आणि पुरुषांचे दोन. चारही आवाज एकदम गायचे, प्रत्येकाची वाट वेगळी. सगळं वहीत पाच रेघांच्या इंग्रजी स्वरलिपीत नीट लिहून ठेवलं होतं. पण मंडळीत ती लिपी वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. त्यामुळे सगळे एकच वरचा आवाज गायचे आणि खालचे तीन आवाज पायपेटीतून निघायचे. चार आवाजांत ते गीत माणसांच्या तोंडून एकदाही ऐकू आलं नव्हतं. मास्तर तसेच गेले.

"डॉक्टर म्हणतात, फार तर दिवाळीपर्यंत पेटी वाजवेन," दीनाबाई म्हणाल्या. "संधिवात आहे. मंडळीचे पंच म्हणतात, यंदाच्या सणाला शहरातून वाजवणारी पार्टी आणू. ढोल, कीबोर्ड, माईक. पेटी मग मागच्या खोलीत जाईल, आणि ही वही माझ्या ट्रंकेत. त्याच्या आत मला हे गीत मंडळीकडून चार आवाजांत गाऊन घ्यायचंय. हातांनी होणार नाही. म्हणून तुझ्याकडे आले."

असं सरळ कुणी सांगितलं की माझी पंचाईत होते. मी गणपती तसाच तिरका ठेवला आणि सीडी शोधायला लागलो.

पहिला महिना सूर टाकण्यात गेला. मला वाटलं, बाई सांगतील आणि मी माऊसने टाकेन. बाई म्हणाल्या, "तू टाकशील, चुकशील, मग मी शोधत बसू? सरक." माऊस त्यांच्या एका हातात राहत नव्हता. त्या दोन्ही हातांनी तो धरायच्या, जशी गरम पातेली धरतात तशी, आणि एकेक सूर त्याच्या रेघेवर नेऊन बसवायच्या. एका ओळीला एक संध्याकाळ. शाळा सुटली की पाच वाजता हजर, सातच्या केडगावच्या बसने परत. मी मधूनमधून ओरडायचो, कारण माझ्या पत्रिका खोळंबायच्या. त्या वर्गातल्या पोराकडे बघावं तशा माझ्याकडे बघायच्या आणि पुढचा सूर टाकायच्या.

बघता बघता मलाही पाच रेघा वाचता यायला लागल्या. शेवटच्या ओळीचे शब्द मला पाठ झाले, 'घे प्रभू, हे हात आमचे, रिते नाहीत आज.' एक दिवस मीच म्हणालो, "बाई, तिसऱ्या ओळीत खालचा आवाज अर्धा सूर चढलाय." त्यांनी वही पाहिली, पडदा पाहिला, आणि म्हणाल्या, "बरोबर. बावळट नाहीस." एवढं कौतुक मला माझ्या बापानेही केलं नव्हतं.

जुलैच्या शेवटी सगळं भरून झालं. मी बटण दाबलं. स्पीकरमधून चार आवाज निघाले, अचूक, आणि उघडलं की वाजणाऱ्या वाढदिवसाच्या कार्डासारखे. टिंव टिंव टिंव. बाईंनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"सूर बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "पण हे ऐकून कोण गाईल? डासाच्या मागे कोण गातं?"

मला राग आला. पण खरं होतं ते खरंच होतं. मी चौकशी केली तेव्हा कळलं की आता अशी साऊंड कार्डं निघाली आहेत ज्यांत आपले स्वतःचे आवाज भरता येतात. एखाद्या वाद्याचे थोडे सूर टेप करून त्यात घालायचे, मग कॉम्प्युटर वहीतली चाल त्या वाद्याच्या आवाजात वाजवतो. एस.टी.ने पुण्याला जाऊन मी कार्ड घेऊन आलो. राहिलं पेटीचे सूर टेप करणं, आणि तिथे घोडं अडलं. देऊळ पुणे रस्त्याला लागून. (मी त्याला देऊळच म्हणायचो, बाईंची त्याला हरकत नव्हती.) दर मिनिटाला ट्रक, एस.टी., टेम्पो. एक सूर सहा सेकंद धरून ठेवावा तर चौथ्या सेकंदाला कुणीतरी हॉर्न वाजवायचं. तीन रविवार आम्ही दुपारी जाऊन हात हलवत परत आलो.

मग ऑगस्टमध्ये कसलासा बंद पुकारला गेला. कशासाठी ते आता आठवत नाही, तेव्हाही नीट माहीत नव्हतं. सगळी दुकानं बंद, रस्ता ओस. मी टेपरेकॉर्डर आणि शाळेचा माईक घेऊन गल्लीबोळांतून केडगाव गाठलं. बाई आधीच पेटीपाशी बसल्या होत्या. पाय चांगले होते त्यांचे. त्या भाता मारायच्या आणि उजव्या अंगठ्याने एक पट्टी दाबून धरायच्या. सगळ्या पट्ट्या नाही, दोन सोडून एक, कारण मधले सूर कॉम्प्युटर स्वतः बनवतो. एका वरच्या पट्टीचा आवाज माशी अडकल्यासारखा घुंई घुंई यायचा. भात्याची चुईं चुईं प्रत्येक सुरामागे होतीच. दुकानात येऊन मी ते सगळं काढून टाकलं, आवाज धुवून पुसून लख्ख केला आणि बाईंना ऐकवला.

"ही कुणाची पेटी?" त्यांनी विचारलं.

"तुमचीच."

"माझी अशी नाही. माझी कण्हते."

मी पुन्हा सगळी घाण आत घातली. माशी, भाता, लाकडाचा करकर आवाज, सगळं. आणि मग जेव्हा आमोस मास्तरांची चाल वाजली तेव्हा दीनाबाई खुर्चीतून उठल्या आणि स्पीकरच्या मागे जाऊन बघून आल्या. मागे वायर आणि जळमटं, दुसरं काही नव्हतं. "बाबा असे वाजवायचे," एवढंच त्या म्हणाल्या. मला फार आनंद झाला. आपण काहीतरी मोठं केलं असं मला वाटलं, आणि मी ते चार लोकांना सांगितलंही.

म्हणून पुढच्या रविवारची फजिती जास्त झोंबली.

कॉम्प्युटर टेम्पोत घालून मी मंडळीत नेला. उपासना झाल्यावर बाईंनी सगळ्यांना थांबवून घेतलं. पंचांचे प्रमुख नॅथनराव पुढच्या बाकावर, हाताची घडी घालून. त्यांच्या शेजारच्या बाकावर रंगुबाई. रंगुबाई म्हणजे मंडळीतला सगळ्यात मोठा आवाज. सत्तरी उलटलेली, मूळची पाथर्डीकडची, ऊसतोडीला जन्म गेलेला. तिने तोंड उघडलं की सगळी मंडळी तिच्या मागे जायची. मी बटण दाबलं. पेटी सुरू झाली, लोकांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि गायला लागले. पहिल्या ओळीच्या शेवटी रंगुबाईने शेवटचा शब्द ओढला. लांबच लांब. सगळ्यांनी ओढला. कॉम्प्युटर कशाला थांबतोय? तो दुसऱ्या ओळीत शिरला. दुसऱ्या ओळीला पुन्हा तेच. तिसरी ओळ गाताना अर्धे लोक पेटीबरोबर, अर्धे रंगुबाईबरोबर, आणि उरलेले हसत होते.

पेटीने 'आमेन' वाजवून टाकलं. मंडळी अजून तिसऱ्या ओळीत होती.

"दीनाबाई," नॅथनराव म्हणाले, "तुमचं मशीन स्वर्गात पोचलं. आम्ही अजून वेशीतच." सगळे हसले. मग ते जरा मऊ आवाजात म्हणाले, "बाई, तुमचं मन मोडायचं नाही. पण सणाला असं झालं तर बाहेरगावचे पाहुणे काय म्हणतील? मी त्या पार्टीला हो म्हणतो."

"नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत थांबा," बाई म्हणाल्या. "तेव्हा पुन्हा ऐका. नाही जमलं तर खुशाल पार्टी आणा, पेटी मी माझ्या हाताने मागच्या खोलीत ढकलेन."

परतीच्या टेम्पोत मी रंगुबाईला भरपूर शिव्या घातल्या. बाई म्हणाल्या, "तिला बोलू नको. म्हातारी आहे, दम पुरत नाही. मी इतकी वर्षं तिच्यासाठी थांबतेच ना? ओळ संपली की हात उचलते आणि तिला श्वास घेऊ देते. चूक आपली आहे. बाबांच्या वहीत रंगुबाईचा दम लिहिलेला नाही."

म्हणजे आता थांबे घालायचे. प्रत्येक ओळीच्या शेवटी पेटी किती रेंगाळते ते मोजून चालीत लिहायचं. बाई आठवून सांगायच्या, मी घालायचो, आणि ते कधी जास्त व्हायचं, कधी कमी. शेवटी मी वैतागून म्हणालो, "तुमच्या आठवणीवर मला भरवसा नाही. म्हातारीलाच दुकानात आणा. बिनथांब्याची चाल लावतो, कुठे दम तुटतो ते घड्याळ लावून मोजतो."

ऑक्टोबरच्या एका शनिवारी सकाळी दीनाबाई रंगुबाईला घेऊन आल्या. म्हातारीने आधी सगळं दुकान पाहिलं, मग फिरत्या खुर्चीत बसून एक गिरकी घेतली.

"ह्या डब्यात पेटी हाय व्हय?"

"हो, मावशी. तुम्ही फक्त गा. दम लागेल तिथे थांबा. मी लिहून घेतो."

मी वही-पेन्सिल आणि मनगटावरचं घड्याळ घेऊन तयार बसलो. चाल सुरू झाली. रंगुबाई गायला लागली. पहिली ओळ संपली, दुसरी सुरू झाली, म्हातारी तिच्यात बरोबर शिरली. तिसरी, चौथी. तिन्ही कडवी. एकदाही मागे पडली नाही, एकदाही शब्द ओढला नाही. 'आमेन'सुद्धा पेटीबरोबर संपवलं आणि म्हणाली, "च्या सांगतू का न्हाई कुनी?"

माझी वही कोरी. मी दीनाबाईंकडे पाहिलं. त्या रंगुबाईकडे पाहत होत्या.

"रंगूमावशी, तुम्हाला दम नाही लागला?"

"मला कशाला लागतूय दम? डोक्यावर मोळी घिऊन फळीवरनं ट्रकात चढायची मी."

"मग उपासनेत का ओढता शेवटचा शब्द?"

रंगुबाईने पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली. मला वाटलं, चहा यावा आणि हा विषय बदलावा. पण चहावाला अशा वेळी कधी येत नाही.

"मावशी, सांगा."

"आगं, तुझी बोटं पोचत न्हवती पोरी," रंगुबाई म्हणाली. "वळ संपली की डावा हात दुसऱ्या जागी न्यायला तुला येळ लागायचा. मला पुढच्या बाकावरनं दिसायचं की. मग मी सबुद वढून धरायची, तुझा हात बसस्तवर. मंडळी माज्यामागं वढायची. देवळात आता सवयच झालीया, मशीन वाजलं तरी."

"कधीपासून?"

"तुझा बाप गेला, त्याच्या फुडल्या वर्साला."

मास्तर एकोणनव्वद साली गेले होते. मी मनात हिशेब केला. आठ वर्षं.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"समद्यास्नी."

"नॅथनरावांना?"

"त्यो तर मला खुनवायचा, आज लई दुखतंय वाटतं, लांब वढा म्हनून."

"आणि मला कुणी एका शब्दाने बोललं नाही?"

"काय बोलायचं?" रंगुबाईला खरोखर कळत नव्हतं. "तू वाजवत हुतीस, आमी गात हुतो."

दीनाबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. मी त्यांना तीन-चार महिने रोज पाहत होतो. माऊस दोनशे वेळा निसटला तरी त्या कधी रडवेल्या झाल्या नव्हत्या. त्या दिवशीही रडल्या नाहीत. "चला मावशी, बस मिळेल," म्हणाल्या आणि चहा न घेता गेल्या.

मंगळवारपर्यंत आल्या नाहीत. बुधवारीही नाही. मला आधी वाईट वाटलं आणि मग राग आला. रागाचं कारण मी स्वतःला असं सांगितलं की माझं साऊंड कार्ड वाया चाललंय. गुरुवारी दुकान बंद करून मी एम-एटी स्कूटर काढली आणि केडगावला त्यांच्या घरी गेलो. बाई ओट्यावर वाटाणे सोलत होत्या, म्हणजे सोलायचा प्रयत्न करत होत्या. मी ताट ओढून घेतलं आणि सोलायला लागलो.

"लाज वाटते मला, भीमराज," त्या म्हणाल्या. "मी आठ वर्षं म्हणत होते, बिचारी रंगुबाई, तिला मी सांभाळून घेते. देवाजवळसुद्धा म्हटलंय तसं. आणि हे सगळे मला सांभाळत होते. माझ्या पाठीमागे बसून."

"पाठीमागेच बसणार," मी म्हणालो. "पेटीचं तोंड भिंतीकडे आहे. तुम्ही एकतीस वर्षं भिंत पाहिली, त्यांनी तुमचे हात पाहिले."

हे मी सांत्वन म्हणून बोललो नव्हतो. मला सांत्वन जमत नाही. पण बाईंनी वाटाण्याचं ताट माझ्या हातातून काढून घेतलं.

"ऊठ. किती दिवस राहिले?"

"दोन आठवडे."

"सगळे थांबे काढून टाक. बाबांच्या वहीत आहे तसं ठेव. माझे हात आता पट्टीवर नाहीत, मंडळीने माझ्यासाठी ओढायचं कारण नाही. त्यांची सवय मोडायची. चार कॅसेटी कर. प्रत्येक कॅसेटीत एक आवाज मोठा आणि बाकीचे बारीक. ज्याचा आवाज त्याच्या घरी पोचवते. भाकऱ्या थापताना ऐकतील, गोठ्यात ऐकतील. लिपी वाचता येत नाही ना, कानाने पाठ करतील."

आम्ही चाराच्या बत्तीस कॅसेटी केल्या. कॅसेट वाजायला जेवढा वेळ लागतो तेवढाच उतरवायला लागतो, घाई चालत नाही. लग्नसराई तोंडावर आली होती आणि माझा कॉम्प्युटर दिवसभर आमोस मास्तरांची चाल वाजवत बसायचा. गिऱ्हाइकं चिडायची, मी त्यांच्यावर चिडायचो. दीनाबाई शाळा सुटली की घरोघर फिरायच्या. ज्यांच्याकडे टेप नव्हता त्यांना शेजारच्या घरी बसवायच्या. खालच्या आवाजाच्या पुरुषांना तर त्या रोज संध्याकाळी देवळात उभं करायच्या. नॅथनराव त्यांतच होते. मी एकदा गेलो तेव्हा बाई त्यांना म्हणत होत्या, "नॅथनराव, तुम्ही पुन्हा ओढलंत. आता कुणासाठी?" नॅथनरावांनी मान खाली घातली आणि तीच ओळ पुन्हा घेतली. म्हणजे त्यांनाही कळलं होतं की बाईंना कळलंय.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तालीम झाली. एकदाही कुणी मागे राहिलं नाही. नॅथनराव बाहेर जाऊन पार्टीवाल्याला नाही म्हणून आले.

सणाच्या आदल्या दिवशी बाई दुकानात आल्या. "एक काम राहिलंय. शेवटच्या ओळीच्या आधी एक थांबा पाहिजे."

मी कपाळावर हात मारला. "बाई! तुम्हीच सगळे काढायला लावलेत."

"हा त्यांच्यातला नाही. किती लांबीचा ते आत्ता सांगता येणार नाही. मी हात वर केला की मगच शेवटची ओळ सुरू व्हावी. होतं का असं?"

"होतं की," मी म्हणालो. या वेळी मला खरंच येत होतं. मी गीताचे दोन तुकडे केले. पहिला वाजून थांबेल, आणि मी एन्टर दाबला की दुसरा सुरू होईल. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

सणाच्या दिवशी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे बाजरीची पोती, ज्वारीची कणसं, भोपळे, पाय बांधलेल्या कोंबड्या, जे ज्याच्या घरी पिकलं ते. वीज जाईल म्हणून जनरेटर आणून ठेवला होता, म्हणून ती गेली नाही. मी कोपऱ्यात कॉम्प्युटरपाशी. दीनाबाई पेटीपाशी बसल्या नाहीत. त्या पेटीच्या पुढे, मंडळीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. हात पदराखाली.

चाल सुरू झाली. भात्याची चुईं चुईं, घुंई करणारी पट्टी, सगळं आपल्या जागेवर. आणि मग चार आवाज. मी त्या चार वाटा पडद्यावर पाचशे वेळा पाहिल्या होत्या, पण माणसांच्या तोंडून त्या एकमेकींना भेटतात तेव्हा काय होतं ते मला माहीत नव्हतं. बायकांचे दोन आवाज वर, त्यांखाली तरण्या पोरांचा, आणि सगळ्यात खाली नॅथनराव, विहिरीत उतरल्यासारखे. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. कुणी काही ओढलं नाही. दोन कडवी झाली, तिसरं संपत आलं आणि शेवटच्या ओळीच्या आधी पेटी थांबली.

मंडळीही थांबली. दीनाबाई नुसत्या बघत होत्या. पहिलं बाक, दुसरं बाक, एकेक चेहरा. पाठीमागे बसून आठ वर्षं ज्यांनी त्यांचे हात सांभाळले, त्या माणसांना बाई आता समोरून बघत होत्या. एक कोंबडी फडफडली. पाहुण्यांपैकी कुणीतरी खाकरलं. त्यांना वाटलं असेल, मशीन बिघडलं. माझं बोट एन्टरवर होतं आणि मी बाईंच्या पदरावरून नजर काढत नव्हतो. बाराव्या बाकापर्यंत सगळे बघून झाल्यावर दीनाबाईंनी पदराखालून डावा हात बाहेर काढला, तोच, तीन बोटं वळलेला, आणि सगळ्यांसमोर वर केला.

मी एन्टर दाबला.

'घे प्रभू, हे हात आमचे, रिते नाहीत आज.'

उपासनेनंतर अंगणात धान्याचा आणि भोपळ्यांचा लिलाव सुरू झाला. मी वायरी गुंडाळत होतो. रंगुबाई दीनाबाईंपाशी आली.

"सगळं झ्याक झालं. पर शेवटाला का गं थांबलीस? आता कुनाचा हात दुखत हुता?"

"कुणाचा नाही," दीनाबाई म्हणाल्या. "आठ वर्षं तुम्ही माझ्यासाठी थांबलात, मावशी. एकदा मला तुमच्यासाठी थांबू द्या की."

रंगुबाईने तो डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि त्या दोघी भोपळ्यांच्या लिलावाकडे गेल्या.